डेनालीवर १७,२०० फुटांवरून गाइडने परत फिरवलं. पुन्हा जावं का? आणि गाइडबरोबरच जावं का?

टेकडीवाली

नमस्कार मंडळी,

हे लिहायचं बरेच दिवस मनात आहे, पण दर वेळी अर्ध्यावर सोडून देत होते. आज पूर्ण करतेच.

मागच्या जूनमध्ये मी अलास्कातल्या डेनालीवर (६,१९० मीटर, म्हणजे २०,३१० फूट) गाइडबरोबरच्या मोहिमेत गेले होते. वेस्ट बट्रेस, नेहमीची वाट. सुरुवातीला नऊ सदस्य आणि तीन गाइड. दीड वर्ष तयारी केली होती. पाठीवर वीस-पंचवीस किलो घेऊन जिने चढले, कमरेला टायर बांधून ओढला, आणि त्याआधीच्या उन्हाळ्यात रेनियरवर (अमेरिकेतलंच एक बर्फाच्छादित शिखर) सहा दिवसांचा हिमनदीवरचा कोर्सही केला.

१४,२०० फुटांच्या कॅम्पपर्यंत सगळं ठरल्यासारखं झालं. १७,२०० ला पोचलो तेव्हा आम्ही सहा सदस्य आणि दोन गाइड उरलो होतो. तिथे पाच रात्री वाऱ्यात काढल्या. दर दोन-तीन तासांनी उठून बर्फाच्या विटांची भिंत डागडुजी करायची आणि परत स्लीपिंग बॅगेत शिरायचं. सहाव्या सकाळी उठलो तर आभाळ निळंभोर आणि कॅम्पवर वारा पडलेला. शेजारची टीम दहाच्या सुमारास निघालीसुद्धा. आम्ही बूट चढवून तयार. आमचा मुख्य गाइड बराच वेळ डेनाली पासकडे (शिखराच्या वाटेवरची वरची खिंड) बघत उभा राहिला, दुसऱ्या गाइडशी बाजूला जाऊन बोलला, आणि आम्हाला म्हणाला, "आज आपण वर जात नाही. तंबू आवरा, खाली उतरायचंय."

कारण विचारलं तर म्हणाला, वारा आणि एकंदर परिस्थिती. तेवढंच.

शेजारची टीम शिखरावर जाऊन रात्री सुखरूप परतली. आम्हाला ते १४,२०० वर कळलं. त्या क्षणी मी तंबूत जाऊन रडले, आणि खरं सांगायचं तर अजूनही तो प्रसंग आठवला की घशात काहीतरी अडकतं.

आता पुन्हा जायचं डोक्यात आहे. नवरा म्हणतो, जा. एक मैत्रीण म्हणते, गाइडला पैसे देऊन चढणं हे गिर्यारोहणच नाही, जायचं तर आपल्या बळावर जा. तर मला दोन गोष्टी विचारायच्यात. असा निर्णय एकट्या गाइडचा असावा का? आणि पुढच्या वेळी गाइड घ्यावा की नको? स्पष्ट लिहिलंत तरी चालेल.

वाटसरू

ताई, १७,२०० पर्यंत जाऊन आलात, आधी त्याबद्दल मनापासून अभिनंदन. पाच रात्री त्या कॅम्पवर काढणं काय असतं ते मी ऐकून आहे. सविस्तर नंतर लिहितो. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

स्वतंत्रपक्षी

तुमच्या मैत्रिणीशी मी बऱ्यापैकी सहमत आहे. आम्ही तिघे मित्र गाइड न घेता गेलो होतो. डेनालीवर ते करता येतं, फक्त किमान ६० दिवस आधी नॅशनल पार्क सर्व्हिसकडे नाव नोंदवायचं, फी भरायची आणि टॉकीटना गावात रेंजर्सची माहितीसभा चुकवायची नाही.

आम्हीही शिखर गाठलं नाही. १६,२०० च्या कड्यावरून परत आलो. पण तो निर्णय आमचा होता. तिघांनी बसून घेतला, भांडून घेतला, आणि म्हणून तो मला कधी टोचला नाही. तुम्हाला टोचतोय कारण तो तुमच्यावर कोणीतरी घातलेला आहे. दीड वर्ष तयारी केलेल्या माणसाला "परिस्थिती" एवढ्या एका शब्दावर खाली पाठवायचं, हे मला पटत नाही.

गाइडेड मोहिमेत माणूस वाट शोधायला शिकत नाही, हवामान वाचायला शिकत नाही. पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकत जातो. पाय त्याचे असतात, डोकं दुसऱ्याचं. तुम्ही कोर्स केलाय, वरपर्यंत जाऊन आलाय. दोन चांगले जोडीदार शोधा आणि स्वतंत्र जा.

नाडीपरीक्षा

स्वतंत्रपक्षी, तुमचा अनुभव मोलाचा आहे, पण "डोकं दुसऱ्याचं" यावर डॉक्टर म्हणून थोडं लिहिते.

उंचीवर सगळ्यात आधी बिघडतं ते स्वतःबद्दलचं भान. मेंदूला सूज यायला लागली (हेस) की माणूस धडपडतो, सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालू शकत नाही, पण विचारलं तर "मी ठणठणीत आहे" असं ठासून सांगतो. फुप्फुसात पाणी भरायला लागलं (हेप) की आधी नुसता कोरडा खोकला आणि दमणूक असते. ती "सगळ्यांनाच होते" म्हणून दुर्लक्षिली जाते. बसल्याजागी धाप लागायला लागली की मामला गंभीर. औषधं आहेत, पण ती खाली उतरेपर्यंतचा वेळ विकत घेतात. खरा उपाय खाली उतरणं हाच.

त्यात डेनाली ६३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. विषुववृत्ताच्या तुलनेत तिथे वातावरणाचा थर पातळ, त्यामुळे शिखरावरचा हवेचा दाब तेवढ्याच उंचीच्या हिमालयातल्या शिखरापेक्षा कमी. शरीराला ते ६,१९० पेक्षा जास्तच वाटतं. शिवाय तिथे कोणी बाटलीतला ऑक्सिजन लावून चढत नाही.

अशा ठिकाणी निदान एक डोकं असं हवं, ज्याने तीच चढाई पूर्वी अनेकदा केली आहे. ते गाइडचंच असावं असं नाही. पण असावं.

खिडकीतून

मी डोंगर खिडकीतून बघणारा माणूस, पण हा धागा सोडवत नाहीये. एक प्रश्न. एव्हरेस्टच्या बातम्यांत शेर्पा सामान वाहतात, तंबू लावतात, दोर बांधतात असं वाचतो. मग डेनालीवर टायर ओढायची तयारी कशाला लागते? तिथे कोण वाहतं सामान?

टेकडीवाली

खिडकीतून, तिथे आपलं सामान आपणच वाहतो. हमाल नाहीत, याक नाहीत, काही नाही. टॉकीटनाहून स्की लावलेलं छोटं विमान कहिल्ट्ना हिमनदीवर ७,२०० फुटांवर उतरवतं आणि उडून जातं. मग तीन आठवड्यांचं अन्न, इंधन, तंबू सगळं वाटून घ्यायचं. माझ्या वाट्याला पाठीवर साधारण पंचवीस किलो आणि मागे घसरगाडीवर (स्लेड) तेवढंच.

आणि पहिल्याच दिवशी चढ नाही, उतार! बेसकॅम्पवरून मुख्य हिमनदीवर खाली उतरावं लागतं. त्या उताराचं नाव हार्टब्रेक हिल. येताना, सगळी ताकद संपल्यावर, तोच चढून विमानापाशी जायचं असतं. नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण चढताना शंभर टक्के पटतं.

वरच्या टप्प्यांत सामान दोन फेऱ्यांत न्यायचं. एक दिवस अर्धं सामान वर नेऊन बर्फात पुरायचं, खाली येऊन झोपायचं, मग दुसऱ्या दिवशी उरलेलं घेऊन वर मुक्काम. शरीरालाही उंचीची सवय होते. सामान निदान मीटरभर खोल पुरावं लागतं आणि वर बांबूच्या काड्या रोवायच्या, कारण तिथले डोमकावळे वरवरचं उकरून काढतात. आमच्या शेजारच्या टीमचं चॉकलेट त्यांनी अगदी निवडून नेलं.

खिडकीतून

म्हणजे कावळ्याला तिथेही आधी पान! :)

शब्दवेडा

अवांतर: क्रेव्हासला मराठीत काय म्हणावं? 'हिमभेग' मला आवडतो. जमिनीला भेग पडते तशी हिमनदीला. 'हिमदरी' म्हटलं की भलतंच मोठं आणि उघडं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. आइसफॉलला 'हिमप्रपात' चालेल?

हिमगौरी

हिमभेग छान आहे, शब्दवेडा. दरीशी तुलना चुकीची अशासाठी की दरी दिसते. हिमभेग पुष्कळदा दिसत नाही, वर बर्फाचा पूल असतो आणि आपण त्याच्यावर उभे असतो. जूनच्या शेवटाला खालच्या हिमनदीवर हे पूल उन्हाने मऊ होतात, म्हणून टीम रात्री चालतात. रात्री म्हणजे तरी काय, अंधार होतच नाही. आकाश फिकट जांभळं राहतं आणि गारठा पडून बर्फ कडक होतं.

मृण्मयी१२

एक प्रश्न विचारायला संकोच वाटतोय, पण बायकांना तो हमखास पडतो. तीन आठवडे, उघड्या हिमनदीवर, दोराला बांधलेलं. शौचाचं काय?

हिमगौरी

अजिबात संकोच करू नकोस, हा प्रश्न टीममधल्या सगळ्यांनाच असतो, फक्त विचारत कोणी नाही.

पार्क सर्व्हिस झाकणाचा एक हिरवा डबा देते, क्लीन माउंटन कॅन. विष्ठा त्यात, जैवविघटनशील पिशवीत, आणि डबा आपल्या सामानात. जिथे वाटेल तिथे हिमभेगेत टाकून द्यायची मुभा नाही. याला कारण आहे. हिमनदी वाहती असते, त्यामुळे आज वर पुरलेलं काही दशकांनी खाली बाहेर येणारच. आणि प्यायचं पाणी आपण त्याच बर्फाचं वितळवतो. लघवीसाठी कॅम्पवर एकच जागा ठरवून काडी रोवतात. फनेल घे आणि घरी सराव कर, हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) घालून कर. रात्रीसाठी वेगळी बाटली, तिच्यावर अंधारातही हाताला कळेल अशी खूण. पहिले दोन दिवस अवघड वाटतं. मग कोणाला कोणाचं काही वाटेनासं होतं.

एक मात्र नक्की कर: शौचाला जायचं टाळायला म्हणून पाणी कमी पिऊ नकोस. माझ्या एका टीममधल्या मुलीने ते केलं आणि ११,००० फुटांवरच तिचं डोकं फुटायला लागलं.

मृण्मयी१२

खूप खूप धन्यवाद गं. हे कुठेच नीट लिहिलेलं सापडलं नव्हतं.

इतिहासवाचक

गाइड की स्वतंत्र, हा वाद डेनालीवर जुनाच आहे, म्हणून थोडा इतिहास.

७ जून १९१३ ला मुख्य शिखरावर पहिलं पाऊल पडलं ते वॉल्टर हार्परचं. कोयुकॉन अथाबास्कन (अलास्कातले मूळ रहिवासी) आईचा मुलगा, वय वर्षं २० फक्त. बरोबर हडसन स्टक, हॅरी कार्स्टन्स आणि रॉबर्ट टेटम. त्याआधी १९०६ मध्ये फ्रेडरिक कुकने शिखर गाठल्याचा दावा केला होता, तो खोटा ठरला. आज सगळे जातात ती वेस्ट बट्रेसची वाट ब्रॅडफर्ड वॉशबर्नने १९५१ मध्ये काढली. त्याची पत्नी बार्बरा १९४७ मध्येच शिखरावर जाऊन आली होती, तिथे पोचलेली पहिली स्त्री.

गाइड घेऊन जाण्याची पद्धत रुळवण्यात रे जेने याचा मोठा वाटा. १९६७ च्या पहिल्या हिवाळी चढाईतला तो एक. पुढे वर्षानुवर्षं लोकांना वर नेत राहिला. १४,२०० च्या खोलगट भागाला त्याचंच नाव आहे. त्याच १९६७ च्या जुलैमध्ये बारा जणांच्या एका मोहिमेतले सात जण वरच्या भागात वादळात गेले. आणि एकट्याने जाणाऱ्यांत नाओमी उएमुरा. हिमभेगेत पडलो तर अडकावेत म्हणून अंगाला लांब बांबू बांधून चालायचा. १२ फेब्रुवारी १९८४ ला, आपल्या त्रेचाळिसाव्या वाढदिवशी, हिवाळ्यात एकट्याने शिखर गाठलं, आणि उतरताना नाहीसा झाला तो कायमचा.

मी या सगळ्यांबद्दल वाचतो तेव्हा मला "खरा गिर्यारोहक कोण" हा प्रश्न पडत नाही. कोण परत आलं, हा पडतो.

गारठा

इतिहासवाचक, प्रतिसाद आवडला. जानेवारी २०२५ च्या आदेशाने सरकारी नाव पुन्हा माउंट मॅकिन्ली झालंय, हे नोंदवतो. पार्कचं नाव मात्र डेनालीच. कोयुकॉन भाषेत त्याचा अर्थ 'उंच' असा काहीसा, आणि तिथे राहणाऱ्यांनी शतकानुशतकं हाक मारलेलं नाव मला जास्त जवळचं वाटतं. धाग्याचं शीर्षक बदलू नका.

दोरावरचा

धागा उशिरा पाहिला. मी दोन हंगाम डेनालीवर सहायक गाइड म्हणून काम केलंय, त्यामुळे राहवत नाही.

टेकडीवाली, तुमचा गाइड मला माहीत नाही आणि त्या सकाळी मी तिथे नव्हतो. त्यामुळे तो बरोबर होता की चूक, हे मी सांगणार नाही. पण त्या अर्ध्या तासात त्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते सांगू शकतो.

पहिलं, वारा. कॅम्पवर वारा नसणं आणि डेनाली पासवर (१८,२००) वारा नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पासवरून बर्फाचा धूर निघतोय का, हे बघायचं असतं. शेजारच्या फोरेकर शिखराच्या डोक्यावर भिंगासारखा गुळगुळीत ढग बसलाय का, हेही. तो बसला की नैर्ऋत्येकडून काहीतरी येतंय. कॅम्पपासून पासपर्यंतच्या तिरक्या उताराला ऑटोबान म्हणतात, आणि वेस्ट बट्रेसवर सर्वाधिक जीव तिथेच गेलेत, बहुतेक उतरताना. शिखरावरून दमून येणारी माणसं, संध्याकाळचा गारठा, एक चुकलेलं पाऊल. म्हणून गाइड तिथे बर्फात पिकेट (धातूची मेख) ठोकून दोर त्यातून ओवत नेतात.

दुसरं, आणि हे ग्राहकांना कधीच सांगितलं जात नाही: गाइडचं गणित. तुम्ही लिहिलंय की नऊ सदस्य आणि तीन गाइड निघालात, वर पोचलात ते सहा आणि दोन. म्हणजे तिघांना घेऊन एक गाइड आधीच खाली गेला होता. बरोबर? आता दोन दोर, प्रत्येकावर एक गाइड आणि तीन सदस्य. समजा १९,००० फुटांवर एकाचं बिनसलं. त्याला एकट्याला खाली पाठवता येत नाही. एक गाइड त्याच्याबरोबर उतरणार, म्हणजे अख्खा दोर उतरणार. मागे उरला एकटा गाइड आणि तीन माणसं. त्यांच्यातल्या कोणाला काही झालं तर त्याच्याकडे हात उरत नाही. शेजारच्या टीमकडे कदाचित तीन गाइड शिल्लक होते. डोंगर तोच, सकाळ तीच, पण त्यांच्याकडे एक चूक खपवायची जागा होती आणि तुमच्याकडे नव्हती.

तिसरं. पाच रात्री १७,२०० वर काढलेलं शरीर हे पहिल्या दिवसाचं शरीर नसतं. तिथे माणूस सावरत नाही, रोज थोडा झिजतो. गाइड ते बघत असतो. कोण जेवत नाही, कोण तंबूबाहेर यायला वेळ लावतो, कोणाच्या हाताला बकल लागत नाही.

आणि चौथं, "परिस्थिती" हा शब्द. तो मीही वापरलाय. एखाद्या टीमला परत फिरवायचं कारण जेव्हा एक माणूस असतो, तेव्हा त्याचं नाव इतर पाच जणांसमोर घ्यायचं नसतं. अजून तीन-चार दिवस सगळ्यांना एकाच दोरावर उतरायचं असतं, एकमेकांवर विसंबून. बोट दाखवलं की तो दोर तुटला. मग गाइड राग स्वतःवर घेतो.

स्वतंत्रपक्षी, "पाय त्याचे, डोकं दुसऱ्याचं" असे सदस्य मी पाहिलेत, ते तुम्ही खरं लिहिलंय. पण ते गाइडेड असण्यामुळे होत नाही. जो माणूस बूट घालायला मदत मागत येतो, त्याच्याकडे द्यायला माझ्याजवळ वेळ असतो, म्हणजे तेवढा वेळ मी हवामान बघत नसतो. जो स्वतःचं सगळं करतो, तो मला दुसऱ्या कोणाकडे बघायला मोकळं करतो. फरक इथे पडतो.

स्वतंत्रपक्षी

दोरावरचा, नऊ-तीन आणि सहा-दोन मी वाचलं होतं, पण हिशेब केला नव्हता. हे मान्य.

तरी माझा एक मुद्दा उरतोच. खाली उतरल्यावर, विमानाची वाट बघताना, गाइडने एकेकाला बाजूला घेऊन खरं कारण सांगायला हवं होतं. दोरावर असताना गप्प बसणं समजू शकतो. पण बेसकॅम्पवर? ताई वर्षभर हे ओझं वाहतायत.

दोरावरचा

हो. ते मला पूर्ण मान्य आहे. ती सवय आमच्यातल्या पुष्कळांना नाही आणि असायला हवी. मीसुद्धा एकदा चुकलोय. विमान अचानक आलं, घाईत सामान भरलं, आणि ज्याच्याशी बोलायचं होतं तो निघून गेला.

टेकडीवाली

दोरावरचा, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला. झोप लागली नाही. मी इथे एक गोष्ट लिहिली नव्हती. लपवायची म्हणून नव्हे, ती मला महत्त्वाची वाटलीच नव्हती.

आमच्यातल्या एकाला १४,२०० वर फुप्फुसाचा त्रास सुरू झाला होता, दुसऱ्याची बोटं गारठली होती आणि तिसरा फार थकला होता. तिसरा गाइड त्यांना घेऊन उतरला. मला तेव्हा, कबूल करते, त्या तिघांचा थोडा राग आला होता. आणि त्या सहाव्या सकाळच्या आधी, रात्री, मुख्य गाइडने सगळ्यांच्या तंबूत येऊन पाय बघितले होते. माझ्या उजव्या पायाची दोन बोटं पांढरी होती. त्याने दाबून बघितली, विचारलं, कळतंय का? मी म्हणाले, हो, माझी नेहमीच अशी असतात, गरम होतील. त्याने ती स्वतःच्या पोटाला लावून गरम केली. काही बोलला नाही. संवेदना परत यायला बराच वेळ लागला होता, आणि मी त्याला "लगेच आली" असं सांगितलं.

माझी तंबूतली जोडीदारीणही दोन दिवस धड जेवत नव्हती. म्हणजे कारण मीच होते असं नाही. पण कारण मी असू शकते, हे मला वर्षभरात एकदाही सुचलं नाही. मी फक्त आभाळ निळं होतं तेवढंच आठवत राहिले.

नाडीपरीक्षा

टेकडीवाली, हे लिहिल्याबद्दल आदर वाटला.

वैद्यकीयदृष्ट्या सांगते: पांढरी, बधिर झालेली आणि गरम केल्यावर पूर्ववत झालेली बोटं म्हणजे हिमदंशाची पहिली पायरी. कायमचं नुकसान नाही. पण एकदा गारठलेली बोटं दुसऱ्या दिवशी पुन्हा गारठली तर नुकसान कितीतरी जास्त होतं. शिखराचा दिवस तिथे बारा तासांचाही होतो, आणि उन्हातसुद्धा तापमान उणे तीसच्या आसपास असू शकतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर गेला असतात तर कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित आज त्या दोन बोटांशिवाय लिहीत असतात.

पुढच्या वेळी बूट अर्धा-एक नंबर मोठे बघा. घट्ट बूट आणि जाड मोजे हे रक्त अडवतात. पाणी भरपूर प्या. आणि बधिर वाटलं की त्याच मिनिटाला सांगा.

वाटसरू

आता सविस्तर लिहितो, कारण याची दुसरी बाजूही यायला हवी.

मला दक्षिण अमेरिकेतल्या एका उंच शिखरावर उलट अनुभव आला. गाइड उत्साही होता, कंपनीला त्या हंगामात शिखराचे फोटो हवे होते, आणि माझं डोकं आदल्या रात्रीपासून ठणकत होतं. मी सांगितलं, तो म्हणाला, सगळ्यांचं दुखतं, चल. मी चाललो. उतरताना मी सलग तीनदा बसलो आणि शेवटच्या वेळी मला उठायचंच नव्हतं. दोरावरच्या दुसऱ्या सदस्याने, जो माझ्यासारखाच पैसे भरून आला होता, मला शिव्या देऊन उठवलं. आज मी त्याच्यामुळे आहे.

म्हणून मला "गाइड की स्वतंत्र" पेक्षा "कोणता गाइड" हा प्रश्न मोठा वाटतो. कंपनीला फोन करून "शिखर गाठायचं प्रमाण किती" हे सगळेच विचारतात. मी आता विचारतो: गेल्या दोन हंगामांत किती वेळा परत फिरलात आणि का? गाइड आजारी सदस्याला घेऊन खाली गेला तर उरलेल्यांचं काय होतं? हवामानासाठी राखीव दिवस किती? उत्तर द्यायला अडखळले तर मी पैसे भरत नाही.

हिशेबनीस

वाटसरूंना अनुमोदन. त्यात भर म्हणून: डेनालीवर गाइडिंग करायचा परवाना पार्कने सहाच कंपन्यांना दिलाय. कोणी "ओळखीचा मित्र नेतो, पैसे कमी" असं म्हणाला तर ते बेकायदा आहे, आणि अशा टीमला मध्येच खाली उतरवलंही जाऊ शकतं. परवानाधारक मोहिमेला दहा हजार डॉलरहून जास्त लागतात, साहित्य वेगळं. एवढे पैसे घातले की माणसाला शिखर आपल्या हक्काचं वाटायला लागतं. साधारण निम्म्या लोकांनाच ते मिळतं, हे पैसे भरतानाच घरच्यांसकट स्वतःला सांगून ठेवावं.

स्वतंत्रपक्षी

टेकडीवाली, माझा पहिला प्रतिसाद जरा तोऱ्यात होता. तुम्ही बोटांबद्दल लिहिलंत ते वाचून आठवलं: १६,२०० वर आम्ही तिघे भांडलो तेव्हा एकाचे हात बधिर झाले होते आणि तो ते आम्हाला सांगत नव्हता. तंबूत परत आल्यावर कळलं. आमच्यात हात तपासणारा कोणी नव्हता. नशीब की वारा वाढला.

स्वतंत्र जायचं झालंच तर एक हंगाम आधी त्याच जोडीदारांबरोबर हिमभेगेतून बाहेर काढायचा सराव करा. दोघांनी तिसऱ्याला, सामानासकट. आणि स्लेड मागच्या दोराला प्रुसिकने (ओढ बसली की दोराला घट्ट पकडणारी गाठ) बांधायला विसरू नका. तुम्ही भेगेत पडलात तर तुमच्यामागून पंचवीस किलोची गाडी डोक्यावर येते.

टेकडीवाली

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी त्या गाइडला मेल लिहिला. बोटांबद्दल खोटं बोलले होते तेही लिहिलं, आणि विचारलं की त्या सकाळी नेमकं काय होतं. काल उत्तर आलं, चार ओळींचं. पासवर बर्फाचा धूर दिसत होता. दोन गाइड होते, सहा माणसं, पाच रात्री झालेल्या. "मला वर नेता आलं असतं, पण सगळ्यांना खाली आणता आलं असतं याची खात्री नव्हती." कोणाचंही नाव त्याने अजून घेतलेलं नाही. शेवटी विचारलंय, बोटं आता कशी आहेत?

मी पुढच्या मेमध्ये जातेय, गाइडबरोबरच. त्याच्याच टीममध्ये जागा आहे का ते विचारलंय. मे यासाठी की खालचे पूल घट्ट असतात, पण थंडी जास्त, म्हणून बुटांचा प्रश्न आधी सोडवायचाय. त्याआधी सप्टेंबरमध्ये हिमभेगेतून बाहेर काढायचा तीन दिवसांचा कोर्स पुन्हा करतेय, या वेळी स्लेडसकट.

नाडीपरीक्षा, बूट एक नंबर मोठे घेतले तर फिक्स्ड लाइनच्या (कायम बांधून ठेवलेल्या दोरांच्या) चढावर टाच उचलली जाते का? १५,५०० ते १६,२०० चा तो तुकडा मला आठवतोय, आणि तिथे टाच हलली तर क्रॅम्पॉन (बुटाखालचे लोखंडी दाते) नीट बसत नाही.

हिमगौरी

टाच उचलली जाते, पण आतल्या बुटाला घरी साच्यात गरम करून टाचेपाशी घट्ट बसवून घेता येतो, बोटांपाशी जागा तशीच राहते. मी तसंच केलं होतं. मोजे घालून, दुपारी पाय थोडे सुजलेले असताना माप घे.